खांदे टेकले नाहीत

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी दर रविवारी संध्याकाळी एक दृश्य हमखास बघायला मिळायचं. पिळदार मिशांचा, दारातून वाकून आत येणारा, साठी उलटलेला एक गृहस्थ डोक्यावरची काळी टोपी काढून कोनाड्यात ठेवायचा, टीव्हीसमोर पालथा पडायचा, गाल फरशीला लावायचा आणि एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यानं पडद्यावरच्या अस्वलाच्या पाठीखाली फट दिसते का ते बघायचा. मग उठायचा, गुडघे झटकायचा आणि खोलीला सांगायचा,

"खांदं टेकल्यालं न्हाईत. कुस्ती चालू हाय."

हे आमचे बाबालाल पंच. धंदा गाद्यांचा. गल्लीच्या तोंडाला त्यांचं दुकान होतं आणि त्यामागंच घर. कापूस पिंजून त्यांनी भरलेल्या गादीवर आमच्या गल्लीतली निम्मी जनता झोपत असे. पण 'गादीवाले' म्हटलेलं त्यांना चालत नसे. तरुणपणी ते जत्रांच्या मैदानांत कुस्त्यांचे पंच होते. आता मैदानं सुटली, गुडघे गेले, पण पंचगिरी काही सुटली नाही. गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळी शिट्टी असायचीच. रस्त्यात दोन म्हशी शिंगाला शिंग लावून उभ्या राहिल्या तरी हे सायकलवरून उतरून बाजूला थांबणार आणि निकाल लागल्याशिवाय पुढं जाणार नाहीत.

गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. रविवारी त्यावर एक परदेशी कार्टून लागायचं. सगळं इंग्रजीत. पण त्यात बोलणं कमी आणि बडवाबडवीच जास्त, त्यामुळं भाषेवाचून कुणाचं अडत नव्हतं. एक ढोल अस्वल, त्याला मधाचं वेड. मध एका खाष्ट म्हातारीच्या परसात. आणि या दोघांच्या मध्ये गोल टोपी घातलेलं एक लबाड बदक. अस्वलाला युक्ती सांगणार तेच आणि म्हातारीला जाऊन वर्दी देणारही तेच. शेवटी अस्वल छपरावरून, झाडावरून, नाहीतर विहिरीच्या काठावरून धाडकन पडणार, त्याच्या डोक्याभोवती चांदण्या फिरणार, आणि आमची खोली हसून हसून लोळणार.

पंच तेवढे हसायचे नाहीत. मैदानात पंच हसत नसतो. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. माझ्या बायकोनं पहिल्या रविवारी कप पुढं केला तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "खेळ चालू हाय तवर कुणाचं काय घेत न्हाय मी. पंच हाय, पावणा न्हाय."

पात्रांना नावं त्यांनीच दिली. म्हातारी म्हणजे मावशी. अस्वल म्हणजे गंगाराम पैलवान, गाव गडहिंग्लजकडचं. का, तर इतकं भोळं पैलवान त्यांनी तिकडंच बघितलं होतं. आणि बदक म्हणजे दलाल.

हे शेवटचं नाव मुद्दाम होतं. कारण खोलीत भिंतीला टेकून तात्या बसलेले असत, आणि तात्यांची शाहूपुरीत गुळाची दलाली होती. तात्या ठेंगणे, पोट पुढं, पावलं बाहेरच्या बाजूला टाकत झपझप चालणारे. नाव ठेवल्यापासून त्यांनी बदकाचं वकीलपत्र घेतलं. अस्वल पडलं की तात्या मांडीवर थाप मारून म्हणणार, "चितपट. आटपला तुमचा गंगाराम."

"तोंडावर पडलाय. पाठ लावल्याबिगर चितपट न्हाय."

"आता तर उताणा पडला की."

"एकच खांदा टेकलाय. दुसऱ्याखाली मधाचा डबा हाय. नीट बघा की जरा."

एकदा तर कहरच झाला. दलालानं गंगारामाच्या अंगावर रस्ता करायचा रोलर घातला आणि त्याचा पार पापड केला. तात्या उभेच राहिले. आता दोन्ही खांदेच काय, अख्खा पैलवान जमिनीला चिकटला होता. सगळी खोली पंचांकडं बघायला लागली. पंचांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पापडाला खांदं कुठलं असत्यात?" तोवर पापड अंग झटकून उठून पळालाही. कुस्ती चालू.

अशी ती कुस्ती वर्षभर चालू होती. निकाल नाही म्हणून शिट्टी नाही. पण रविवारी ते घरी गेल्यावर थोड्या वेळानं त्यांच्या घरातून एक बारीक, फुसकी शिट्टी ऐकू यायची. तात्यांना तेवढं पुरे होतं. गल्लीभर सांगत सुटायचे, "बघा. हितं ताठ बसतोय आन् घरात जाऊन चोरून निकाल देतोय. गंगाराम चीत झालाय ह्ये मनातनं मान्य हाय त्याला." पंच ते ऐकायचे आणि गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या आत सारायचे.

घरात ते आणि त्यांची बायको, अख्ख्या गल्लीची चाची, दोघंच. चाचींना अर्धांगाचा झटका आला होता. एक बाजू गेली, वाचा गेली. कधीकाळी त्यांचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आता त्या भिंतीकडं तोंड करून पडून असत. माझी बायको भेटून यायची आणि सांगायची, तोंडाच्या व्यायामाला डॉक्टरांनी फुगे फुगवायला सांगितलेत, चाची फुग्याला हात लावत नाहीत. घास भरवायला गेलं तर ओठ मिटून घेतात. पंच दिवसभर दुकान आणि घर यांच्यामधल्या दारातच उभे असायचे. चाचींना सोडून बाहेर पडायचे ते फक्त रविवारी कार्टूनपुरते. बायकोला याचा राग यायचा. घरात माणूस असं पडलेलं, आणि यांना अस्वल सुचतं.

कार्टून संपल्यावर ते चहा घटाघटा प्यायचे आणि आम्हाला एकेक गोष्ट विचारून पक्की करून घ्यायचे. दलाल कुठल्या अंगानं आला? मावशीच्या हातात आधी झाडू होता का लाटणं? आम्हाला वाटायचं, पंच निकालाचा अभ्यास करतायत. मग टोपी चढवून जवळजवळ पळतच जायचे.

एका रविवारी गंगाराम शिडीवरून मावशीच्या छपरावर चढत होता. दलाल खाली शिडीला हात घालतोय एवढ्यात लाइट गेले. सगळी पेठ काळीकुट्ट. जमलेली गल्लीतली मुलं ओरडून ओरडून दमली आणि घरी गेली. बायकोनं कंदील लावला. पंच फरशीवर होते तसेच, अंधाऱ्या पडद्याकडं बघत.

लाइट काही येईनात. शेवटी पंच उठून तात्यांच्या शेजारी जाऊन बसले. हे वर्षभरात झालं नव्हतं.

"तात्या, पुढं काय झालं असंल?"

"पडला असंल. दुसरं काय हुणार?"

"पर कसा पडला असंल?"

"आता ह्ये पंचानंच मला इचारायचं व्हय?" तात्यांना उकळ्या फुटत होत्या.

पंच चिडले नाहीत. हातातली शिट्टी नुसती फिरवत राहिले. मग हळूच, स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे आज रिकाम्या हातानं जायाचं." आणि चहा न घेताच निघून गेले.

टोपी कोनाड्यातच राहिली होती. मी टोपी घेतली, कंदील घेतला. तात्याही निघाले माझ्याबरोबर. पंच टोपी विसरला ही त्यांच्या लेखी उद्या सांगण्यासारखी बातमी होती.

पंचांचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दिवा होता. आम्ही हाक मारणार तेवढ्यात आतला आवाज ऐकून थांबलो.

चाची लोडाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या चांगल्या हातात पितळी शिट्टी होती. शेजारी ताट झाकून ठेवलेलं. समोर जमिनीवर गाद्यांवर गाद्या रचलेल्या, आणि त्या ढिगावर आमचे पंच उभे. अंगावर काळं घोंगडं, पोटाला उशी बांधलेली. मैदानात न हसणारा तो माणूस गाल फुगवून अस्वलासारखा फुरफुरत होता.

"गंगाराम चढला छपरावर. मध दिसला. आता दलाल आला बघ, आला."

आणि पंच ढिगावरून उतरले, पोट पुढं काढलं, पावलं बाहेर टाकली आणि झपझप चालत खोलीला एक फेरी मारली. ते बदक नव्हतं. ते तात्या होते. हुबेहूब. चाचींचा एका बाजूचा ओठ हलला.

मग दलालानं शिडी ओढली, मावशीचा झाडू बसला आणि गंगाराम पैलवान हात पसरून धप्पदिशी गादीवर उताणा पडला. दोन्ही खांदे टेकून. हललासुद्धा नाही.

"अब देख," पंच पडल्या पडल्या म्हणाले, "खांदे टेके की न्हाय?"

चाची खूप वेळ बघत राहिल्या. पंचांनीच त्यांना पंच केलं होतं, आणि त्या काम चोख करत होत्या. मग त्यांनी शिट्टी ओठांत धरली. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा ती बारीक, फुसकी शिट्टी वाजली. आणि तिच्यामागोमाग घशातून कसलासा आवाज आला. गल्लीच्या टोकापर्यंत जाण्याइतका तो मोठा नव्हता, पण हसणंच होतं ते.

"लागला निकाल," पंच उठत म्हणाले. "आता जेव." त्यांनी ताट उघडलं, आणि चाचींनी तोंड उघडलं.

मी टोपी उंबऱ्यावर ठेवली. आम्ही परत फिरलो. अर्ध्या वाटेवर तात्या थांबले आणि कंदिलाच्या उजेडात स्वतःच्या पावलांकडं बघितलं. मग म्हणाले, "वसंता, मी तसा चालतो व्हय रं?"

"व्हय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी गंगाराम विहिरीच्या काठावरून पडला. पंच फरशीवर पालथे झाले. तात्याही धोतर सावरत त्यांच्या शेजारी पालथे झाले, गाल फरशीला लावला, आणि बराच वेळ निरखून म्हणाले, "टेकल्यालं न्हाईत. बरोबर हाय पंचांचं." पंचांनी एक डोळा उघडून त्यांच्याकडं संशयानं बघितलं.

त्यानंतर तात्या शाहूपुरीला जाताना नेहमीचा जवळचा बोळ सोडून पंचांच्या घरावरून जायला लागले. चाची आता खिडकीकडं तोंड करून बसायच्या. खिडकीपाशी आलं की तात्या पोट आणखी थोडं पुढं काढायचे, पावलं आणखी थोडी फाकवायचे आणि इकडंतिकडं न बघता, मोठ्या कामाला निघाल्यासारखे झपझप निघून जायचे. ते वळणापर्यंत पोचेपर्यंत मागून शिट्टी वाजायची.