सोळा फ्लॅट, वीस मतं

आपल्या कादंबरीत शेवटी कोण मरणार, हे सोनकांबळे सर मतदानाने ठरवतात. सर राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवडणुकांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ कॉलेजांच्या कपाटात धूळ खातो आणि एसटी स्टँडवर खपतात त्या त्यांच्या रडव्या कादंबऱ्या. शेवटचं प्रकरण आलं की सर जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगला आधीची सगळी कथा वाचून दाखवतात आणि बिस्किटांचा रिकामा डबा मतपेटी म्हणून मांडतात. एका फ्लॅटला एक मत. मी एरवी बँकेतला साधा कारकून, पण त्या दिवशी निवडणूक अधिकारी. "जनता बोलली, लेखक गप्प!" हे सरांचं ठरलेलं वाक्य. मागे जनतेने त्यांच्या लाडक्या नायिकेला विहिरीत ढकलायचं ठरवलं. सर दोन दिवस जेवले नाहीत, पण ढकललं.

या वेळचा प्रश्न होता: बापाशी भांडून घर सोडलेला मुलगा परतावा की मरावा?

वाचताना सरांचा आवाज दोनदा बसला. बिल्डिंगला वाटलं, सर्दी. खरं काय ते मला माहीत होतं. सरांचा मुलगा मिलिंद सहा वर्षांपूर्वी असाच भांडून निघून गेला, सर नांदेडला असताना. त्याने नंबरही बदलला. सर इकडे राहायला आलेत हे त्याला ठाऊक नाही. पण बापाची प्रत्येक कादंबरी तो सगळ्यांच्या आधी वाचायचा. ही वाचली आणि त्यात मुलगा मेलेला निघाला, तर तो काय समजेल?

रविवारी सकाळी गच्चीवर मोजणी. शहाभाभी पुढच्याच खुर्चीत. "भाऊ, पोरगा मरला पाहिजे हां. रडल्याशिवाय मजा नाय."

मी चिठ्ठ्या उलगडू लागलो. मरावा, मरावा, परतावा, मरावा. सर कठडा घट्ट धरून उभे. नऊ 'मरावा', सात 'परतावा'. आता संपलंच, असं वाटलं, तर डब्याच्या तळाशी आणखी चार चिठ्ठ्या. चारही 'परतावा'. आणि चारही उत्तरपत्रिकेच्या पुरवणीतून फाडलेल्या, लाल समासाच्या. तसले कागद बिल्डिंगमध्ये एकाच घरात आहेत.

मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली तर निवडणूक रद्द, हे सरांच्याच ग्रंथात आहे. मी वर पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

"अकरा विरुद्ध नऊ. मुलगा परततोय," मी जाहीर केलं.

"पर फ्लॅट तो सोलह ही है ना?" शहाभाभी म्हणाल्या.

मी डब्याचं झाकण लावलं. "चार टपाली मतं आहेत, भाभी. बाहेरगावच्या वाचकांची."

भाभींनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. मग खुर्ची उचलून निघाल्या. "ठीक है. आने दो बिचारे को."

संध्याकाळी सरांनी शेवटचं प्रकरण माझ्याकडे टाइप करायला आणून दिलं. "जनता बोलली," एवढंच म्हणाले.

त्या प्रकरणात बाप मुलाला पत्र लिहितो. पत्रावर आमच्याच बिल्डिंगचा पत्ता होता, फ्लॅट नंबरासकट. खाली लिहिलं होतं: लिफ्ट बहुतेक बंद असते, जिना डाव्या हाताला आहे. बेल वाजत नाही, हाक मार.