द्राक्षांची साडी नेसलेला राजा

निर्णय कसा घ्यावा हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या. कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या गावात कॉफीच्या दुकानांइतक्याच ज्योतिषांच्या पाट्या आहेत. देवळाबाहेर पोपटवाला बसतो. पोपट पिंजऱ्यातून ऐटीत बाहेर येतो, चोचीने एक पत्ता उचलतो, आणि चांगली शिकलेली माणसं त्या पत्त्यावरून घर बांधायला काढतात. अशा गावात राहून मी, वरदराज, पन्नाशी उलटली तरी एकाही पोपटापुढे बसलेलो नाही. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगत असे. जूनपासून मात्र तो पोपटवाला मला पाहून हसतो असा मला संशय आहे.

त्याचं असं झालं. माझी बायको वत्सला बँकेत आहे. तिला बढती मिळाली, मोठ्या शाखेची मुख्य व्यवस्थापक. आणि शाखा कुठे, तर नागपूरला! आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात आम्ही मराठी बोलतो आणि उंबरा ओलांडला की तमिळ. बँकेतल्या कुणा साहेबाने वत्सलाची मातृभाषा मराठी असल्याचं पाहिलं आणि मोठ्या खुशीत तिला नागपूर देऊन टाकलं. आमची मराठी ऐकून तिथले लोक 'बाई, तुम्ही कुठल्या राजाच्या दरबारातून आलात' असं विचारतील, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

जाणार की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. मी उदार मनाने सांगून टाकलं होतं की निर्णय तुझा, मी मध्ये पडणार नाही. हे वाक्य मी उठता-बसता म्हणत होतो. खरं म्हणजे तिने जाऊ नये असं मला फार वाटत होतं. सकाळी फिल्टरमध्ये कॉफीचं डिकॉक्शन ठिबकत असताना ती स्वयंपाकघरात काहीतरी बडबडत असते, ते ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. शिवाय मला रसम येत नाही. पण हे बोलून दाखवलं असतं तर माझ्या आधुनिक विचारांचं काय झालं असतं?

वत्सलाची काळजी निराळीच होती. मला लहानाचा मोठा करणारी माझी आत्या, सीतालक्ष्मी, आमच्याकडेच असते. ऐंशी उलटली आहे. तिला टाकून निघून गेले असं व्हायला नको, म्हणून वत्सला झुरत होती, आणि आत्याला सरळ विचारायचं धाडसही तिला होत नव्हतं.

अशा वेळी माझी भाची रम्या एका मैत्रिणीच्या लग्नासाठी बंगळुरूहून आली. ती तिथल्या एका कंपनीत लोकांच्या मनाच्या तक्रारी ऐकायचं काम करते. तिच्या पिशवीत टॅरोचे पत्ते होते. मी ते पाहून नाक मुरडणार तेवढ्यात तिने मला समजावलं. हे भविष्य सांगायचे पत्ते नव्हेत म्हणाली. एकवीस जून हा वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. त्या दिवशी उन्हात शांत बसायचं, एक पत्ता उचलायचा आणि चित्र पाहून मनात काय येतं ते स्वतःशी बोलायचं. पत्ता काही सांगत नाही, आपणच सांगतो.

मला हे एकदम पटलं. पोपट नाही, ग्रह नाही, पुन्हा शास्त्रीय! वत्सला शांतपणे बसली, स्वतःच्या मनात डोकावली, की तिला तिथे आपलं घर दिसेल, आत्या दिसेल, नशीब असेल तर मीसुद्धा दिसेन. मी लगेच रविवार सकाळचा बेत ठरवला. वत्सला हसली आणि 'बरं' म्हणाली. आत्याने तेवढं ऐकून, दक्षिणायन जुलैत, तमिळ आडी महिन्यात लागतं, तुमचं हे इंग्रजी दक्षिणायन आम्हाला चालत नाही, असं सांगितलं आणि ती निजायला गेली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. आमच्या घरात सकाळचं ऊन येतं ते फक्त देवघरात. रम्या म्हणाली होती की पत्त्यांखाली स्वच्छ कापड हवं, म्हणून मी धुतलेलं रेशमी उपरणं देवापुढे अंथरलं. मन शांत व्हावं म्हणून नाचियारकोविलची पितळी समई लावली. पत्ते उपडे मांडले. आणि मग माझ्या लक्षात आलं की दारात आत्या उभी आहे आणि तिने हात जोडले आहेत.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. मोठा पेच पडला की वेंकटेशापुढे फुलांच्या दोन पुड्या ठेवतात. एकीत लाल फूल, एकीत पांढरं. लाल म्हणजे हो, पांढरं म्हणजे नाही. घरातलं सर्वांत लहान माणूस पुडी उचलतं, सर्वांत वडील माणूस ती उघडतं, आणि जे निघेल ते निघेल. देवाला एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची नाही, आणि निकाल मोडायचा नाही. या रिवाजावर आमच्याकडे लग्नं ठरली आहेत आणि मोडलीही आहेत.

"देवास पुसतोस होय, वरदू?" आत्या गहिवरून म्हणाली. "बरवें केलेंस."

मी सांगू लागलो की हा आत्मचिंतनाचा प्रकार आहे. पण समईसमोर, उपरण्यावर, वेंकटेशाच्या पायाशी पत्ते मांडून बसलेल्या माणसाचं कोण ऐकणार? आत्या तोवर फोनकडे गेलीसुद्धा. देवाला विचारताना बाईच्या माहेरचं कुणीतरी साक्षीला लागतं. थोड्याच वेळात वत्सलाचा भाऊ जानकीराम चोळपुरमहून स्कूटरवर येऊन दाखल झाला. मागच्या सीटवर पायसाचं पातेलं बांधलेलं होतं. निकाल काहीही लागो, गोड पाहिजेच, असं त्याचं म्हणणं.

रम्या बिचारी सारखी सांगत होती की ज्याचा प्रश्न त्यानेच पत्ता उचलायचा असतो. आत्याने तिला गप्प बसवलं. घरात सर्वांत लहान तूच, तेव्हा तूच उचलायचंस. वत्सला भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता, कारण आता गमतीचं काही उरलं नव्हतं. देवापुढे 'नाही' निघालं की नागपूर कायमचं संपलं.

जानकीरामने खरा मुद्दा काढला. इथे लाल फूल नाही, पांढरं नाही, मग हो कुठलं आणि नाही कुठलं?

आणि इथे माझ्यातला संख्याशास्त्रज्ञ जागा झाला. आदल्या संध्याकाळी मी ते पत्ते सगळे चाळले होते. त्यांत राजे होते, स्वार होते, काठ्या घेऊन भांडणारे होते, कंदील घेतलेला म्हातारा होता. जिकडेतिकडे पुरुष! बायका अगदी थोड्या. मी घसा साफ केला आणि साळसूदपणे सुचवलं, "पत्त्यावर बाई निघाली तर वत्सलाने जावं. पुरुष निघाला तर राहावं."

ऐकायला किती सरळ! कुणाच्याही मनात पाप येणार नाही. माझ्या मात्र मनात आकडेमोड झाली होती, आणि ती पूर्णपणे माझ्या बाजूची होती. आत्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ती म्हणाली, "सरि, चालेल. पण उघडणार मी."

उघडो बापडी, मला काय! मोतीबिंदूने तिला वर्तमानपत्रातले मथळेदेखील धूसर दिसतात, निदान असं ती मला वाचायला लावताना सांगते.

रम्याने डोळे मिटून पत्ता उचलला आणि आत्याच्या हातात दिला. मी आत्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सिंहासनावर मुकुट घातलेला राजा! खाली इंग्रजीत तसं लिहिलेलंसुद्धा होतं. मी दुःखी चेहरा करायच्या तयारीला लागलो.

आत्याने पत्ता डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उन्हाकडे वळवला.

"बाई आहे," ती म्हणाली.

"आत्या, तो राजा आहे," मी म्हणालो.

"काय सांगतोस रे? अंगभर द्राक्षांची नक्षी असलेली रेशमी साडी आहे. डोईत फुलें माळली आहेत. खुर्चीवर बसली आहे, खुर्चीस नंदी कोरले आहेत, मांडीवर हें एवढें थोर नाणें. बँकेंतली मोठी बाईच ही."

जानकीरामने वाकून पाहिलं. साडी कांचीपुरमची दिसते म्हणाला, आणि पायसाचं झाकण काढायला गेला.

मी चवताळलो. तो झगा आहे म्हणालो, परदेशात राजे असेच झगे घालतात, खाली नाव वाचा, रम्याला विचारा! रम्या कधी माझ्याकडे तर कधी आत्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली की मामा, चित्रात ज्याला जे दिसतं ते खरं, हाच तर याचा नियम. मी आणखी भडकलो. मला माझाच आवाज ऐकू येत होता, पण थांबता येत नव्हतं.

"पुरुष आहे तो! पुरुष! वत्सला जाऊ शकत नाही!"

सगळे माझ्याकडे पाहत होते. वत्सला भिंतीपासून पुढे आली.

"निर्णय माझा होता ना?" तिने विचारलं. रागावून नव्हे, अगदी हळू. ते जास्त लागलं.

माझ्या तोंडातून निघालं, "मला करमणार नाही गं." सगळ्यांसमोर, मेव्हण्यासमोर, वेंकटेशासमोर. इतक्या दिवसांत हे एकच खरं वाक्य मी बोललो होतो आणि तेही निकाल लागल्यावर.

वत्सलाचे डोळे भरून आले. हे आधी सांगितलं असतंत तर मी कदाचित राहिलेही असते, असं म्हणून तिने डोळे पुसले. "आता देवाने सांगितलं आहे," ती म्हणाली आणि आत्याच्या पाया पडली. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि वत्सलाच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. रम्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली की मामा, आत्मचिंतन पहिल्याच फटक्यात जमलेले तुम्हीच.

वत्सला जुलैत नागपूरला गेली. जाताना मला फोनवर रसम शिकवायचं कबूल केलं. पहिल्या रविवारी मी तुरीची डाळ निवडत बसलो होतो. आत्या लांब झोपाळ्यावर होती.

"खडा आहे तुझ्या डावीकडे, काढ," ती तिथून म्हणाली.

मी पाहिलं. डाळीएवढाच, डाळीच्याच रंगाचा खडा होता. मी तो हातात घेऊन झोपाळ्यापाशी गेलो.

"आत्या, त्या दिवशी तुला तो राजा नीट दिसला होता?"

"न दिसायला काय झालें? साडीखालून लोखंडी बूट दिसत होता की."

लोखंडी बूट? मी फोनवर तो पत्ता शोधून काढला. खरंच, झग्याखालून राजाचा चिलखती पाय बाहेर आला होता. इतका आरडाओरडा केला त्यात मला तो दिसला नव्हता, नाहीतर पुरावा म्हणून तोच पुढे केला असता.

"मग देवापुढे खोटं का बोललीस?"

आत्याने झोपाळा थांबवला. तरुणपणी तिला तंजावरच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी आली होती, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. माझ्या आजोबांनी देवाला विचारलं आणि पांढरं फूल निघालं.

"दुसरी पुडी मी मागाहून उघडून पाहिली," ती म्हणाली. "तींतही पांढरेंच होतें. बापाने मोठ्या प्रेमाने बांधलें होतें. तुझ्यासारखेंच. आतां ऊठ, डाळ शिजायला टाक."

मी उठलो. डाळ खाली लागली, रसम कडू झालं, आणि आत्याने ते एक शब्द न बोलता संपवलं. संख्याशास्त्र मी अजून शिकवतो. फक्त शक्यतांचं गणित सुरू करण्यापूर्वी मुलांना बजावतो, की पुडी कोण बांधतं ते पाहाच, पण ती कोण उघडणार आहे तेही आधी विचारून घ्या.