साळिंदराची मोटार सरळ कशी झाली

एका जंगलात, मुलांनो, मोटार एकच होती आणि तीही डावीकडे ओढायची.

मोटार आबाजी साळिंदराची. वयाने त्याच्याहून थोरली. एक दार दोरीने बांधलेलं आणि मागच्या सीटवर गवत उगवलेलं. पण मोटार ती मोटार. पूर्वी आबाजी दिसला की ससे पळायचे. आता उठून उभे राहायचे.

जंगलात वडापाशी रस्त्याला दोन फाटे फुटत. उजवीकडे आबाजीच्या आईचं बीळ, डावीकडे त्याची सासुरवाडी. आबाजी दर रविवारी आईकडे जायला निघायचा आणि सासऱ्यांच्या अंगणात उतरायचा. सासूबाई हरखून रताळी उकडायला घ्यायच्या. असा मायाळू जावई पंचक्रोशीत नाही, असं सासरे सगळ्यांना सांगत सुटले होते.

"तुमच्यापेक्षा गाडीला जास्त कळतं हो," असं त्याची बायको सगुणा म्हणायची.

तिकडे आई दारात बसून वाट बघायची. आबाजीला हे ठाऊक होतं. रताळं खाताना त्याला तिचीच आठवण यायची. आईचं बीळ तसं हाकेच्या अंतरावर होतं. मग चालत का जाऊ नये, असं तुम्ही विचाराल. तुम्ही अजून लहान आहात. ज्याच्या दारात मोटार उभी आहे, त्याने पायी जायचं? जंगल काय म्हणेल?

तेव्हा आबाजीने जाणकारांना बोलावलं.

आधी माकड आलं. त्याने स्टिअरिंग काढून उलटं बसवलं. त्यावरचं फुलाचं चित्र उलटं झालं आणि गाडी सासुरवाडीला गेली. मग सुतारपक्षी आला. त्याने बॉनेट ठोकून ठोकून तपासलं, "आतून पोकळ आहे," असा निर्वाळा दिला आणि अकरा भोकं पाडून निघून गेला. गाडी सासुरवाडीला गेली, वाटेत थोडी शिट्टी वाजवत.

शेवटी नदीकाठाहून खेकडेमिस्त्री आले. चाकं सरळ रेषेत आणण्यात त्यांचा हातखंडा, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवली होती. त्यांनी दोरी लावली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटला.

"मिस्त्री, चाकांत हवा बघितलीत का?" आबाजीने भीत भीत विचारलं.

मिस्त्री दुखावले. "हवा पोरंटोरं बघतात, आबाजीराव. या धंद्यात आमची ही तिसरी पिढी."

तीन दिवसांनी चाचणी झाली. गाडी निघाली आणि डावीकडे सरकली. मिस्त्री शेजारून धावत होते, त्यांच्या नेहमीच्या चालीने.

"बघा," ते समाधानाने म्हणाले, "कशी नाकासमोर चाललीय."

सातव्या रविवारी आई स्वतःच आबाजीच्या घरी आली. काठी टेकत, पदराखाली कंदांचं गाठोडं घेऊन. आबाजी जेवून वामकुक्षी घेत होता. त्याची जागा ठरलेली. पुढच्या डाव्या चाकाशी आंब्याची सावली पडे, तिथे तो चाकाला पाठ घट्ट लावून झोपे. कैक वर्षांचा शिरस्ता.

"आबा, ऊठ रे बाळा."

आबाजी दचकून उठला. त्याच्या पाठीतला एक काटा चाकातच राहिला आणि चाक सुस्स करून हसलं. आई वाकली. तिने काटे मोजले.

"अरे, या चाकात तुझेच सात काटे आहेत. डावं बसलंय, उजवं बघ कसं टणटणीत आहे. बसक्या चाकाकडे गाडी ओढणारच. काटे उपट, ठिगळ लाव, हवा भर. संपलं."

एव्हाना सगळं जंगल गोळा झालं होतं. माकड झाडाकडे बघू लागलं. सुतारपक्ष्याला काम आठवलं. आबाजीचं तोंड एवढंसं झालं. इतके रविवार, इतके जाणकार, आणि काटा आपल्याच पाठीचा.

खेकडेमिस्त्री खाकरले. "आजी, डावं बसलंय असं नका म्हणू. उजवं फुगलंय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आबाजीचा तर सर्वांत आधी. तो छाती काढून उजव्या चाकापाशी गेला, वळला आणि त्यालाही पाठ टेकून निवांत बसला. सुस्स झालं. टाळ्या पडल्या.

आणि काय सांगू मुलांनो, गाडी खरंच सरळ चालू लागली. आईला शेजारी बसवून आबाजी निघाला. वडापाशी त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे वळली. आनंदाने त्याचा एकूण एक काटा उभा राहिला.

थोड्या वेळाने एक गोगलगाय मागून आली आणि "जरा बाजू" म्हणून पुढे गेली.

"मी पुढे होते," आई म्हणाली. "चूल पेटवायचीय." ती उतरली आणि चालू लागली.

तिने स्वयंपाक केला. तो निवला. तिने पुन्हा गरम केला. समोर वीस पावलांवर मोटार दिसत होती. आत आबाजी ताठ बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"आलोच, आई," तो काचेतून ओरडला. "आता जरासुद्धा ओढत नाही."

आईने मान डोलावली. पान वाढून झाकून ठेवलं आणि ती पुन्हा दारात येऊन बसली.

तात्पर्य: दोष एकाच बाजूला असेल तर ओढाताण होते. तो दोन्ही बाजूंना सारखा करून घ्यावा, म्हणजे सगळं सरळ चालतं. पोचण्याचा हट्ट तेवढा धरू नये.