कुठेच न जाणारी वायर

"आई, बाबांना सांग, मीठ त्यांच्या डाव्या हाताला आहे."

"तिला सांग, दिसलं मला."

काकूंनी कुणालाच काही सांगितलं नाही, निमूटपणे जेवत राहिल्या. गेले काही आठवडे बापलेकीचा सगळा कारभार त्यांच्यामार्फत चालला होता. एकाच टेबलावर बसून, एकमेकांना लख्ख ऐकू येत असताना! सुरुवातीला त्यांनी निरोप इमानेइतबारे पोचवले. मग कंटाळल्या.

झालं होतं असं, की लेकीने प्रयोगशाळेतली बरी चाललेली नोकरी सोडली आणि यापुढे इलेक्ट्रिक गिटार वाजवूनच पोट भरणार असं जाहीर केलं. काका रागाच्या भरात बोलून गेले, "वायरी लावलेल्या फळीवर पोट भरतं का कुणाचं?" लेक भांडली असती तर एक वेळ परवडलं असतं. तिने बोलणंच बंद केलं. आपलं चुकलं, हे काकांना त्याच दिवशी कळलं होतं. पण 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला तयार नव्हता. लहानपणी खांद्यावरून खाली न उतरणारी पोर आता शेजारून अशी निघून जायची, जणू तिथे कपाट ठेवलंय. तिने एकदा, फक्त एकदा, 'बाबा' म्हणून हाक मारावी, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

आणि अशातच गिटार बिघडली.

"कळ फिरवली की खरखरते, मधेच आवाज जातो," काकूंनी भांडी आवरता आवरता बातमी दिली. "त्या नाटकवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत हिचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवायचंय. आवडलं तर नाटकाचं सगळं संगीत हिच्याकडे. दुरुस्तीचं दुकान नेमकं बंद. आणि पोरगी डावखुरी, दुसऱ्या कुणाची गिटार आणून भागत नाही. केबल खराब असेल म्हणून मैत्रिणीची केबल आणायला गेलीये."

"केबल नाही. आतलं वायरिंग गेलंय," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे चमकले.

काकूंना ती चमक ओळखीची होती. "तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"विचारू कसं? बोलते कुठे ती माझ्याशी?"

"मग नका लावू!"

पण काका कसले ऐकतायत! एका मोठ्या इस्पितळाचं सगळं वायरिंग ते सांभाळत. अर्थिंग हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नवीन माणूस कामाला लागला की त्याला चहा मिळायच्या आधी अर्थिंगवरचं व्याख्यान मिळायचं, म्हणून कामावर सगळे त्यांना अर्थिंगकाकाच म्हणत. एवढ्या मोठ्या इमारतीला जो माणूस पुरून उरला, त्याला ही एक फळी किती जड जाणार? काकांनी टेबलावर जुनी चादर अंथरली, गिटार पालथी घातली, मग ते बरोबर नाही असं वाटून उताणी केली आणि कळांखालचा पत्रा उघडला.

आतलं दृश्य पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं. काळ्या वायरी काळ्याच वायरींना जोडलेल्या, कुठे वेटोळी, कुठे सोल्डरचे गोळे. "हे काम केलंय की जेवण सांडलंय?" ते पुटपुटले. सोल्डरिंग गन तापली. काकांनी सगळ्या वायरी बदलल्या. आपल्या पद्धतीने लाल, पिवळी, हिरवी लावली, प्रत्येकीला नेमका बाक दिला आणि बारीक दोऱ्याने जुड्या बांधल्या. कळांमध्ये साफ करायचा फवारा मारला. त्यांना गाणंही सुचायला लागलं होतं.

एक वायर तेवढी उरली. ती कळेपासून निघून लाकडातल्या एका भोकात शिरत होती. पुढे काय? पुढे लाकूड. काकांनी हलकेच ओढली. ती सरळ हातात आली, आणि टोकाला काहीच नाही! नुसती उघडी तार.

"बघ!" त्यांनी काकूंना बोलावून दाखवली. "कुठेच जात नव्हती. लोक काय काय भरून ठेवतात!"

कुठेच न जाणारी वायर काढून टाकायची, हा त्यांच्या धंद्यातला पक्का नियम. इस्पितळात अशा मेलेल्या वायरी त्यांनी पोतीभर काढल्या होत्या. त्यांनी ती कापली, कचऱ्यात टाकली, आणि काम अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे ते भोकही पुट्टी कोंबून बुजवलं. पुट्टी चांगल्यातली होती. वाळली की दगड.

लेक आली, तेव्हा काका शेवटचा स्क्रू पिळत होते. ती दारातच थबकली. तिचा चेहरा उतरत गेला.

"आई, यांना विचार, हे काय केलंय?"

"सांग तिला, नवं कोरं वायरिंग आहे. लावून बघ म्हणावं."

लेकीने ओठ घट्ट मिटून केबल जोडली, स्पीकर चालू केला. कळ फिरवली. खरखर नाही! काकांनी हळूच काकूंकडे पाहिलं. मग लेकीने तारांवर बोटं ठेवली, आणि खोलीत असा घुंऽऽऽ आवाज घुमला की काकूंच्या हातातला कप बशीवर थरथरला. बोटं उचलली, आवाज कमी. ठेवली, पुन्हा घुंऽऽऽ.

लेक गिटारकडे बघत राहिली. मग तिने पत्र्याचे स्क्रू सैल करून आत डोकावलं.

"तारांखालच्या पट्टीला जाणारी काळी वायर कुठंय?"

"ती?" काका म्हणाले. "ती कुठेच जात नव्हती. भोकात—"

"भोकातून जाऊन पट्टीखाली दाबलेली होती! पट्टी धातूची, तारा धातूच्या! अर्थिंग होतं ते! बाबा, तुम्ही अर्थिंग कापलंत!"

काकू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर ज्याचा जप केला, ते स्वतःच्या हाताने कापून कचऱ्यात टाकलं, वर पुट्टी लावली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त जाणवलं. ती 'बाबा' म्हणाली होती. ओरडून का होईना, थेट म्हणाली होती.

"चुकलो," काका म्हणाले. शब्द अगदी सहज बाहेर पडला. "चुकलोच मी. गिटारचं पण, आणि तेव्हा बोललो त्याचं पण."

लेकीने घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे पुसले. "पुट्टी फोडून, तारा उतरवून परत चढवायच्या, त्या सुरात बसायच्या. आज होत नाही ते."

"दाखव इकडे." काका तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. लेकीची बोटं तारांवर असतानाच, केबल जिथे शिरते त्या धातूच्या चकतीवर त्यांनी बोट ठेवलं. आवाज थोडा दबला, गेला नाही. नीट दिसेना म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने लेकीचा खांदा जरा बाजूला सारला. आवाज साफ बंद.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. काकांनी खांद्यावरचा हात काढला. घुंऽऽऽ. ठेवला. शांत.

"शॉक नाही ना बसणार?" काकूंनी लांबूनच विचारलं.

"काही नाही होत गं. तिच्या अंगातून येणारी घरघर माझ्यातून या चकतीत उतरते."

"म्हणजे आता तुम्हीच अर्थिंग!"

"हलू नका," लेक म्हणाली. "हात काढू नका. बोलू नका. बाबा, श्वास जरा हळू घ्या."

रेकॉर्डिंगच्या पहिल्या वेळी काकांच्या नाकाला खाज सुटली. त्यांनी खूप सोसलं, शेवटी नाक चोळलंच, आणि ऐन हळुवार जागी गिटार डरकाळली. दुसऱ्या वेळी दारावरची बेल वाजली, तर सवयीने ते उठायलाच निघाले. "बाबा!" लेक किंचाळली. हाक पुन्हा थेट. काका मुकाट्याने खाली बसले.

तिसऱ्या वेळी ते नुसते ऐकत राहिले. आजवर तिने वाजवायला घेतलं की ते फिरायला निघायचे. एकही तुकडा त्यांनी शेवटपर्यंत ऐकला नव्हता. आता पळायला वाव नव्हता. अवघड जागा जवळ आली की तिचा खांदा आधी कडक व्हायचा, मग ती पार पडली की सैल सोडायची. तरुणपणी आपण विजेच्या खांबावर चढायचो तेव्हा आपला खांदा असाच व्हायचा, हे त्यांना आठवलं. पोर काम करतेय. हा छंद नाही, काम आहे. एवढं साधं आपल्याला दिसलं कसं नाही? त्यांचे डोळे भरून आले. पण हात काढता येत नव्हता, त्यामुळे पुसताही आले नाहीत.

शेवटचा सूर विरला. लेकीने रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि पाठवून दिलं. "छान झालं," ती म्हणाली. काकांचा हात अजून तिच्या खांद्यावरच होता. कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

काकू चहा घेऊन आल्या. "मला विजेतलं काही कळत नाही," कप ठेवत त्या म्हणाल्या, "पण तासभर असे अवघडून बसलात, त्यापेक्षा वायरचा एक तुकडा चिमट्याने त्या चकतीला आणि दुसऱ्या टोकाने तारांच्या पट्टीला लावला असता, तर नसतं भागलं?"

काका चहा फुंकायला लागले. पहिल्यांदा नाक खाजलं, तेव्हाच त्यांच्या हे लक्षात आलं होतं. आता लेकीसमोर काय उत्तर द्यायचं याची जुळवाजुळव करत त्यांनी घसा खाकरला. "हो... भागलं असतं बहुतेक. उद्या सकाळीच पक्की वायर टाकून देतो."

लेकीने गिटार पेटीत ठेवली आणि खटके लावले.

"एवढी घाई नाही, बाबा," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चिमट्याचं मलाही सुचलं होतं."