बुडालेल्या बाबांचं मत

"भावांचं भांडण मिटवायला मला फक्त एक पन्हळीचा पाइप आणि बऱ्यापैकी दाट धुकं पाहिजे!" असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. पाइप गॅरेजमध्ये होता. धुकं गुरुवारी आलं.

नवरा म्हणाला, "टॅम्सिन, मेलेल्या माणसाची नक्कल करू नये."

मी म्हटलं, "जिवंत माणसं काय दिवे लावतायत?"

आणि खरंच काय लावतायत! माझे दोन भाऊ, थोरला हेडली आणि धाकटा जोरी. दोघांची मिळून एक बोट, 'मॉर्वेना'. लांब तंगड्यांचे काटेरी खेकडे धरायची. एक जण सुकाणूवर, एक जण टोपल्या ओढायला; एकट्यादुकट्याचं कामच नाही ते. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान झालं तेव्हा हेडलीनं 'बाहेर'ला मत दिलं, जोरीनं 'राहायचं'ला. तेव्हापासून आमच्या घरात चहाचा कप फुटला तरी त्याला आर्थिक कारण असतं.

हेडली म्हणायचा, "पाणी आपलं, मासा आपला!"

जोरी म्हणायचा, "मासा आपला, पण खाणारा तिकडचा! हा काटेरी खेकडा आपल्याकडे मांजर तरी खातं का? खातो तो स्पेनवाला! आणि तो स्पेनला पोचेपर्यंत बंदरावरच्या शिक्क्यांच्या रांगेत मरतो!"

"फ्रेंचांचा खार आहे तो! शिवाय महामारी झाली, डिझेल भडकलं..."

"आणि पाऊस पडतो तोही फ्रेंचांमुळेच ना?"

दोन्ही बाजूंचे सूटवाले आमच्या धक्क्यावर येऊन, खेकडा हातात धरून फोटो काढून गेले. खेकड्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं, हे एकालाही माहीत नव्हतं. ते गेले आपापल्या गाड्यांतून, आणि आमच्या घरात आग लावून गेले. त्यांच्या घरी सगळे एका टेबलावर जेवत असतील, लिहून देते!

पण खरी काडी वेगळीच होती. आमचे बाबा, सायलस पेनालुना, मतदानाच्या आदल्या हिवाळ्यात समुद्रात गेले ते गेलेच. देह मिळाला नाही. त्यामुळे बाबांनी कुणाला मत दिलं असतं, हे कुणालाच ठाऊक नाही. हेडली छातीवर हात मारून सांगायचा, "बाबा बाहेरवालेच!" जोरी सांगायचा, "बाबांना हिशेब कळायचा. ते राहणारच!" दोघं त्या बिचाऱ्या बुडालेल्या माणसाला दोन्हीकडून ओढत होते. शेवटी एकमेकांशी बोलणंच बंद झालं. 'मॉर्वेना' धक्क्याला बांधून शेवाळली. आणि आता ती विकायची ठरली. शनिवारी. लंडनकडच्या मिस्टर हॅविलंड नावाच्या एका मुंगीला! (उन्हाळ्यात येऊन सगळीकडे वळवळणाऱ्या बाहेरच्यांना आम्ही मुंग्याच म्हणतो.) तो बोट मधोमध कापून तिचा दारूचा काउंटर करणार होता. बोट गेली की खेकडे गेले, आणि खेकडे गेले की मी ज्या शेडमध्ये ते सोलते, खोक्यांत भरते, ती शेडही गेली. म्हणून पाइप.

आता एक सांगते. आमच्या पोर्थकारो गावात धुक्यात समुद्राकडून हाक आली तर ओ द्यायची नाही. बुडालेली माणसं धुक्यात नाव पुकारतात. तुमचं नाही, स्वतःचं. पाण्यात ते विसरायला होतं म्हणून. ओ दिली, की तुम्हीही त्यांच्यातले. हसा हवं तर! आमच्याकडे बँकेचा मॅनेजरसुद्धा धुक्यात कान झाकून चालतो.

धक्क्याच्या पायथ्याशी एक गुहा आहे. ओहोटीला खडकांवरून आत शिरता येतं. तिच्या छताला एक चीर आहे, ती थेट धक्क्यावर निघते. मी आत शिरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की समुद्र दिसत नव्हता, नुसता श्वास घेताना ऐकू येत होता. आतल्या भिंतीवरून पाणी टपकत होतं, थांबत होतं, पुन्हा टपकत होतं. कुणीतरी माझ्याआधी येऊन बसलंय आणि विचार करतंय, असं. मी म्हटलं, टॅम्सिन, मूर्खपणा पुरे. चिरेत पाइप लावला आणि बाबांच्या आवाजात, पोटातून, ओढून पुकारलं,

"साऽऽयलस... पेनाऽऽलुना!"

हॅविलंडला बोट दाखवायला हेडली धक्क्याच्या एका टोकाला होता, जोरी दुसऱ्या टोकाला. कुणाच्या तरी हातातली बादली पडली. माझाच आवाज गुहेत फिरून माझ्यापाशी परत आला. जाताना तो माझा होता. येताना नव्हता.

"बोट... विकू... नका!" मी उरकून टाकलं. एवढंच बोलून घरी जायचं, चहा टाकायचा, असा माझा बेत होता.

तेवढ्यात वरून हेडलीचा आवाज. "बाबा, तुम्ही बाहेरवालेच ना?"

अरे गाढवा! बुडालेल्या माणसाला ओ द्यायची नाही, हे ज्यानं मला शिकवलं तोच!

जोरी पळत आला. "विकू नका म्हणाले! म्हणजे हाल बघून त्यांचा जीव तुटतोय. हे हाल कशामुळे? बाहेर पडल्यामुळे!"

"अरे, विकू नका म्हणजे आपलं पाणी सोडू नका! सरळ आहे!"

मी काहीही बोलले असते तरी त्यांनी तेच ऐकलं असतं. पण गप्प बसावं ना मी! मी म्हटलं, "भांऽऽडू नका!" आणि तेवढ्यात वर पावलांचा आवाज वाढला. धुक्यात बातमी आमच्याकडे उन्हापेक्षा लवकर पसरते. अर्धं गाव चिरेवर वाकलं.

डॅफोडिलची शेती करणाऱ्या मिसेस टोनकिन ओरडल्या, "सायलस, मी बोलत्येय! फुलं शेतात सडतायत रे, तोडायला हातच नाहीत. युरोपातली पोरं यायची बंद झाली म्हणून, की आपली पोरं आळशी म्हणून? खरं सांग, तुला आता कुणाची भीती?"

टेकडीवरचे निवृत्त प्राध्यापक खोकले. "मिस्टर पेनालुना, राष्ट्रीय उत्पन्नातली घट नेमकी किती? महामारीचा परिणाम वेगळा काढून सांगा, प्लीज."

महामारीचा परिणाम वेगळा काढून! भुताकडून!

तुम्ही म्हणाल, कोळ्याची पोर, भरतीची वेळ कशी विसरली? भरती विसरले नव्हते हो. प्रश्नोत्तरं विसरले होते! पाणी गुडघ्याला लागलं. बर्फासारखं. गुहेचं तोंड धुक्यानं भरलं आणि मग अर्धंअधिक पाण्यानं. वरती मात्र शिस्तीत रांग लागली होती. हॅविलंडसुद्धा रांगेत! "सर," तो चिरेत कुजबुजला, "दक्षिणेकडच्या घरांच्या किमती पुढं काय होतील?"

पाणी कमरेला लागलं तसं माझं डोकं फिरलं. "मला माहीत नाही!" मी पाइपातून किंचाळले. "मी मतदानाच्या आधीच मेलोय! मला काहीही माहीत नाही!"

वर हेडली हळूच म्हणाला, "हे बाबा नव्हेत."

"नव्हेतच," जोरी म्हणाला. "'मला माहीत नाही' असं बाबा जन्मात म्हणाले नाहीत."

कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते ऐकायला मी मानेपर्यंत पाण्यात! एक लाट आली, पाइप हातातून निसटला. चीर दिसेना. मी ओरडले, पण तोंडात पाणीच गेलं. मी खडकाच्या कपारीला धरून राहिले. आता फक्त तो श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर.

आणि मग समुद्राकडून, धुक्यातून, हाक आली.

"टॅम्सिऽऽन! टॅम्सिन पेनाऽऽलुना!"

बुडालेली माणसं दुसऱ्याचं नाव घेत नाहीत. स्वतःचंच घेतात. मग समुद्रात माझं नाव घेणारी ती कोण? मीच? म्हणजे मी बुडाले का? केव्हा? तरीच आता थंडी वाजत नव्हती!

"टॅम्सिऽऽन!" आणखी जवळून.

मी ओ दिली नाही. दातांवर दात धरून गप्प. मेले असले तरी नियम मोडणार नव्हते!

मग एक लोखंडी आकडा आला आणि माझ्या कोटाची कॉलर धरून मला मागे ओढलं. छोटी होडी. एका वल्ह्यावर हेडली, दुसऱ्यावर जोरी.

"बहिरी झालीस का गं बये!" हेडली गरजला. "घसा फाटला हाका मारून!"

"ओ द्यायची नसते," मी दात वाजवत म्हटलं.

जोरीनं आपला स्वेटर माझ्या डोक्यावर टाकला. मी विचारलं, "मीच आहे हे कळलं कसं?"

"तूच सांगितलंस की," जोरी म्हणाला. "माहीत नाही म्हणालीस, आणि मग लगेच, बाबांच्या आवाजात, 'पोर गुहेत आहे. दोघं मिळून वल्ही मारा, गाढवांनो!'"

मी दोघांकडे पाहिलं. "मी असं काही बोलले नाही. पाइप तर आधीच वाहून गेला होता."

वल्ही थांबली. धुकं होडीच्या काठावरून आत वाकून आमच्याकडे बघत होतं. कुठंतरी पाण्यावर काहीतरी हललं, आणि बाबांच्या पाइपातल्या तंबाखूचा वास आला. पन्हळीचा पाइप नव्हे, ओढायचा.

मग जोरी हळूच म्हणाला, "मिळून. ऐकलंस ना? मिळून म्हणाले. म्हणजे बाबा राहणारेच."

"गाढवांनो म्हणाले," हेडली म्हणाला, "ते तुझ्याकडे बघून."

आणि दोघं भांडत, पण एका तालात वल्ही मारत, मला धक्क्याला घेऊन आले. हॅविलंड तोवर पळाला होता. भुतानं घरांच्या किमतीबद्दल "माहीत नाही" म्हटल्यावर त्याचा धीरच सुटला म्हणे! विक्री मोडली. सोमवारी 'मॉर्वेना'चं शेवाळ खरवडलं, आणि माझे भाऊ एकमेकांना शिव्या देत समुद्रावर गेले. काय माल आणला सांगू! माझी शेड खोक्यांनी भरली. ओल्या गोणपाटाखाली खेकडे रात्रभर खुडबुडत होते. सकाळी मर्विनचा ट्रक येणार, बंदरावर शिक्का मिळणार, माल स्पेनला जाणार. सगळं जुळलं होतं.

सकाळी धुकं आलं.

मी शेडमध्ये एकटी. आणि बाहेरून, कुठून ते कळेना, धुक्यात आवाजाला दिशाच नसते, हाक आली. "टॅम्सिऽऽन!" मी गोणपाट डोक्यावर घेतलं आणि टेबलाखाली बसले. "टॅम्सिऽऽन! आहेस का गं?" खेकडेसुद्धा खुडबुडायचे थांबले. मी कान घट्ट झाकले. बऱ्याच वेळानं हाका बंद झाल्या, आणि मग दूर एका ट्रकचं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटलं.

मर्विन होता तो. थांबून थांबून गेला बिचारा. शिक्क्याची वेळ चुकली तर बाकीच्यांचा मालही अडकला असता. त्याला मी मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या मोठ्या दोन पेस्टी खाऊ घातल्यात. तो बोलणार नाही.

खेकडे मात्र पुढचा ट्रक येईपर्यंत सगळे मेले. हेडली म्हणतो, फ्रेंचांनी ट्रक मुद्दाम अडवला असणार. जोरी म्हणतो, संघात असतो तर ही वेळच आली नसती. काल दोघं माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर मुठी आपटत होते. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले. "टॅम्सिन, तूच सांग! हे नुकसान कशामुळे झालं?"

मी चहा ओतत होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही."