घट्ट कांब, पातळ रस्सा

दिलावर मुजावरने धैर्यशील सरनोबतांच्या गाडीचा स्वे बार घट्ट केला आणि त्या संध्याकाळपासून धैर्यशीलराव वळेनासे झाले.

गाडी वळत होती थोडीफार. वळत नव्हते ते धैर्यशीलराव. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला निघाले, ते थेट पंचगंगेच्या पुलावर सापडले, हातात रिकामी किटली. रिक्षावाल्याने घरी आणून सोडल्यावर इंदुमतीबाईंनी विचारलं, "अहो, डेअरी दिसली नाही का?"

"दिसली की. वळायला बघितलं. पण पुढंच गेलो."

जुनी गाडी, जुना मालक. एकाचं दुसऱ्याला लागणारच, त्यामुळे गल्लीत कुणी याचा बोभाटा केला नाही. शेजारच्या मानेकाकूंनी फक्त एवढंच विचारलं, की पुढची कांब घट्ट केली की मागची.

खरं बोलायचं तर चूक इंदुमतीबाईंचीच. स्वे बार म्हणजे गाडीच्या पोटाखालून या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलेली लोखंडी कांब. वळणावर गाडी एका अंगाला फार कलू नये, हे तिचं काम. सरनोबतांच्या गाडीची कांब पहिल्यापासून ढिली, आणि धैर्यशीलराव उभा जन्म कलत आलेले. जो शेवटी बोलेल त्याच्याकडे. भाजीवाली दोडका म्हणाली की दोडका, न्हावी बारीक म्हणाला की बारीक. दारावरच्या विक्रेत्याचं ऐकून त्यांनी तिसरा मिक्सर घरात आणला, तेव्हा इंदुमतीबाईंचं डोकं फिरलं. गाडी गॅरेजला सोडताना त्या वैतागून बोलून गेल्या, "दिलावर, आमच्या ह्यांना जरा वळण लाव रे बाबा."

वळण लावणं म्हणजे शिस्त लावणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दिलावर पडला उद्यमनगरातला मेकॅनिक, रेसच्या गाड्यांवर हात बसलेला. त्याच्या लेखी वळण म्हणजे वळण. त्याने रेसच्या गाडीची जाड कांब काढली, सरनोबतांच्या गाडीला पुढून बसवली आणि चांगली आवळली.

एरवी हे खपूनही गेलं असतं. नवरा सरळ चालतो म्हणून कोणती बाई रडत बसते? पण रविवारी धाकटे दीर कोल्हापूर सोडून चालले होते.

रणधीरराव दोन गल्ल्या सोडून राहायचे. घर विकून ते मुलीकडे बंगळुरूला निघाले होते, कायमचे. आणि दोघा भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. झालं होतं असं, की एका रविवारी पंगतीत बसल्या बसल्या रणधीरराव म्हणाले, "आज पांढरा रस्सा पातळ झालाय." रस्सा इंदुमतीबाईंचा. त्यांनी नुसतं नवऱ्याकडे बघितलं. झालं! धैर्यशीलराव जे बायकोकडे कलले ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या रश्श्याला नावं ठेवणाऱ्याने या घरात पाऊल टाकू नये." रणधीरराव ताटावरून उठले. मागाहून दोघांनाही पस्तावा झाला, पण बोलणार कोण?

आता सामान बांधलं जातंय कळल्यावर धैर्यशीलरावांना घास गोड लागेना. "जातो मी. एकदा भेटतो त्याला," म्हणून निघाले आणि रणधीररावांच्या गल्लीवरून सरळ पुढे गेले. परत निघाले, परत पुढे गेले. मार्केट यार्डातल्या हमालांनी त्यांना आणून सोडलं. ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"इंदू, मला वळायचंय गं."

इंदुमतीबाई तशाच उठून गॅरेजला गेल्या. दिलावरने हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"अंडरस्टिअर," तो म्हणाला.

"म्हणजे काय रे?"

"मनात हाय, अंगात न्हाई. स्टिअरिंग फिरतंय, पण तोंड सरळच. पुढनं लई घट्ट झालं की हुतंय असं. साहेबांना काय विचारलं तर उत्तर देत्यात?"

"देतात. पण आधीच्या प्रश्नाचं."

"बराबर. काय काळजी करू नगासा. मागनं बी घट्ट करतो, शेपूट आपोआप फिरतंय."

शेपूट फिरलं. शनिवारी धैर्यशीलराव वळले, पण नको तितके वळले. आमटीत मीठ जरा जास्त झालं म्हणाले आणि मिठाची अख्खी बरणी मोरीत ओतली. दूधवाल्याला उशिराबद्दल झापायला गेले आणि झापता झापताच त्याच्या पाया पडले. रणधीररावांच्या गल्लीत शिरले खरे, पण शिरताना असे गर्रकन फिरले, की तोंड पुन्हा घराकडे.

"दार दिसलं का त्यांचं?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"दिसलं. मग लगेच आपलंच दिसलं."

रविवार उजाडला. रणधीररावांच्या दारात ट्रक लागला. दिलावर पाने-पक्कड घेऊन सरनोबतांच्या घरीच आला आणि गाडीखाली शिरला. खालूनच त्याने आवाज दिला.

"वहिनी, आता एकच राहिलं. पहिल्यासारखं मोकळं करतो. वळतील. पण कलतील बी, आधीच सांगतो. समोर धाकटं साहेब असणार. रस्सा पातळच होता म्हणून बसतील."

सगळ्या जगाकडे कलणारा हा माणूस एकदाच इंदुमतीबाईंकडे कलला होता आणि तसाच राहिला होता. तेवढं एक त्यांनी जिवापाड जपलं होतं. तेही आता सोडायचं?

"वळतील पण कलणार नाहीत, असं नाही का करता येत?"

"कांब आवळायला भोकं तीनच हायत, वहिनी. दोन करून बघितली."

त्या आत गेल्या. चुलीवर पातेलं होतं. रविवार असल्याने मटण पहाटेच आणलेलं. बराच वेळ आतून नुसता पळीचा आवाज येत राहिला. मग त्या रश्श्याचा डबा आणि वाटी घेऊन बाहेर आल्या.

"कर मोकळं," त्या म्हणाल्या.

कांब मोकळी झाली आणि धैर्यशीलराव निघाले; मागोमाग डबा घेऊन इंदुमतीबाई आणि पाना घेऊन दिलावर. गल्ली आली. धैर्यशीलराव वळले, अगदी बेताने, आणि ट्रकपाशी जाऊन थांबले. रणधीरराव पलंगाचा पाय धरून उभे होते.

"रस्सा पातळ होता रे," धैर्यशीलराव कलत म्हणाले.

मागे इंदुमतीबाईंनी डबा दोन्ही हातांनी धरला.

"पातळ कुठला, दादा!" रणधीरराव म्हणाले. "दाट होता. माझ्याच मेल्याच्या जिभेला हाड नाही."

"अरे, पातळच होता!"

"दाट होता म्हणतो ना!"

रणधीररावांनी आपली गाडी परवाच विकली होती, त्यामुळे त्यांच्या कलण्याला धरबंध असा काही उरलाच नव्हता. दोघे एकमेकांकडे कलत कलत शेवटी खांद्याला खांदा लागून थांबले. दोघांनाही सरळ उभं राहता येईना. राहायचंही नव्हतं. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग त्यालाच कसंतरी वाटलं आणि त्याने इंजिन बंद केलं.

इंदुमतीबाईंनी डबा उघडून वाटी भरली. त्यांनी नारळाचं दूध दुप्पट घातलं होतं, काजू आणि खसखसही दुप्पट. रणधीररावांनी वाटी तोंडाला लावली. दिलावर हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

"वहिनी," रणधीरराव ओठ पुसत म्हणाले, "जरा घट्ट झालाय."

"हो," धैर्यशीलराव लगेच म्हणाले. "घट्टच झालाय जरा."

दिलावरने हळूच विचारलं, "वहिनी, आवळू का परत?"

"नको," इंदुमतीबाई म्हणाल्या. "राहू दे तसंच."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ट्रकवाल्याकडे वळून विचारलं, "थोडं गरम पाणी आहे का हो?" त्याने थर्मास काढून दिला. त्यांनी वाटीत बेताने पाणी ओतलं, ढवळलं आणि वाटी पुन्हा दिरांच्या हातात दिली.

"आता बघा, भावजी."