मुंगीबाईंचा परखड अभिप्राय

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे मुंगीबाई म्हणत. रांग मोडली की मुंग्या पुन्हा रांगेत कशा येतात, यावर त्यांनी घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कित्येक वर्षे संशोधन केले होते आणि तेवढी वर्षे ती खिडकी पुसायची कुणाची टाप नव्हती. त्यावरचा निबंध नामांकित नियतकालिकात छापून आला तर बाईंची नोकरी कायम होणार होती. नाही आला तर सुट्टीनंतर घरीच बसायचे होते.

बाईंनी निबंध पाठवला आणि डोळे लावून बसल्या. बऱ्याच महिन्यांनी नियतकालिकाची मेल आली, ती मात्र वेगळीच. मुंग्यांवरचा एक निबंध परीक्षणासाठी जोडला आहे, लेखकाचे नाव गोपनीय आहे, आणि या विषयातल्या एकमेव तज्ज्ञ म्हणून आपण अभिप्राय द्यावा. बाईंनी निबंध उघडला. पहिल्याच ओळीत त्यांना आपली खिडकी दिसली.

बाई सरळ मनाच्या. त्यांनी संपादकांना फोन करून सांगून टाकले, की हा निबंध माझाच आहे.

"ते तुम्हाला कसं कळलं?" संपादकांनी विचारले. "परीक्षकाला लेखक कोण ते कळलं, तर गोपनीयतेचा भंग होतो. तसा निबंध आम्ही बाद करतो."

"मग मला काही कळलेलं नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या.

मनातून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. 'निबंध उत्तम आहे, जसाच्या तसा छापावा,' असा अभिप्राय त्यांनी लिहिला, पण संगणक तो घेईना. ज्या परीक्षकास एकही दोष आढळत नाही, त्याने निबंध वाचलेला नाही असे गृहीत धरण्यात येईल, असा नियमच होता. मग बाईंनी नावापुरता एक दोष काढला: खिडकी कोणत्या दिशेला आहे, ते लेखकाने दिलेले नाही.

इथेच घात झाला. आजवर न पाहिलेल्या परीक्षकांनी बाईंना काय काय सुनावले होते, आणि बाईंनी ते मुकाट्याने गिळले होते. आता पहिल्यांदाच सुनावायची पाळी त्यांची होती. एका दोषामागून दुसरा सापडत गेला. ताटे वाढून निवली तरी बाई उठेनात.

"अगं, तुझाच निबंध ना तो?" नवऱ्याने भीत भीत विचारले.

"म्हणून काय पक्षपात करू?"

लेखकाने यापुढे मुंग्यांच्या नादी लागू नये, असे लिहून बाईंनी अभिप्राय पाठवला आणि समाधानाने जेवल्या.

निबंध नापसंत झाला. कळवणारे पत्र वाचून बाई हुंदके देऊन रडल्या. या परीक्षकाने जन्मात मुंगी पाहिलेली नाही, असे त्यांनी नवऱ्याला शपथेवर सांगितले.

संपादक मात्र खूश होते. इतका निर्भीड परीक्षक मिळणे दुर्मीळ, असे कॉलेजला कळवून त्यांनी बाईंना संपादक मंडळावर घेतले. मंडळाचे सदस्यत्व म्हणजे निबंधाहून मोठी गोष्ट, म्हणून कॉलेजने नोकरी कायम केली. बाईंनी खिडकी स्वच्छ पुसून घेतली. मुंग्या काय करतात, हे पुढे कुणी विचारले नाही.

हल्ली बाई इतरांचे निबंध तपासतात. ही हकीकतही छापण्याआधी त्यांच्याकडेच गेली होती, आणि त्यांनी तिच्यात पुष्कळ दोष काढले. तुम्हालाही दोन-चार खटकले असतीलच. खटकले नसतील, तर तुम्ही ती वाचलेली नाही असे गृहीत धरण्यात येईल.